आमदार बाबासाहेब : चौदा-पंधरा माणसे, दोन विधेयके आणि एक मोर्चा

कोणत्याही अभ्यासवर्गात तरुणांना विचारून पाहा, बाबासाहेब कोणकोणत्या पदांवर होते? घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री, गोलमेज परिषदेतले प्रतिनिधी. उत्तरे धडाधड येतात. ‘आमदार’ हे उत्तर क्वचितच कोणाच्या तोंडी येते. खरे तर त्यांच्या संसदीय आयुष्याची सुरुवातच तिथून झाली. १९२७ ते १९३९ अशी सुमारे बारा वर्षे ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसत होते. आधी सरकारने नेमलेले सदस्य म्हणून, नंतर लोकांनी निवडून दिलेले आमदार म्हणून.

हा विषय आज काढण्याचे कारण साधे आहे. निवडणूक आली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रश्नांवर रात्र रात्र चर्चा होते. जागा किती लढवायच्या आणि युती कोणाशी करायची. निकाल लागला की तिसरा प्रश्न, आपले किती आले? निवडून गेलेल्याने पाच वर्षे आत बसून काय केले, याचा हिशेब मागताना फारसे कोणी दिसत नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या २९ जणांपैकी कोणी किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती अशासकीय विधेयके मांडली, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा अर्थसंकल्पावर कोण बोलले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बाबासाहेबांची आमदारकी याच बाजूने पाहिली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या दुसऱ्या खंडात ही सगळी भाषणे आहेत. तो खंड पुष्कळांच्या घरी कपाटात असतो. उघडलेला मात्र कमी दिसतो.

नेमणूक सरकारची, टीका सरकारवर

त्या काळी अस्पृश्यांना कौन्सिलमध्ये निवडून जाण्याची वाट जवळजवळ बंदच होती. मताधिकार मालमत्तेवर आणि उत्पन्नावर ठरायचा, त्यामुळे मतदारयादीतच आपली माणसे सापडायची नाहीत. अस्पृश्यांचे प्रतिनिधी गव्हर्नर नेमत असे. १९२६ च्या अखेरीस डॉ. आंबेडकरांची आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची अशीच नेमणूक झाली. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी शपथ घेतली. वय ३५.

नेमलेला माणूस सरकारची री ओढणार, हा तेव्हाचा रिवाज होता. शपथेनंतर सहाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, बाबासाहेब अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सरकारच्या करपद्धतीवरच बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट असते. शेतकऱ्याकडे एक एकर असो की शंभर, पीक येवो की जळून जावो, शेतसारा सुटत नाही. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. पहिल्याच भाषणात त्यांनी फक्त ‘आपल्या समाजाचे’ गाऱ्हाणे मांडले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. एक एकरवाला शेतकरी कोणत्याही जातीचा असू शकत होता.

१२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली. तिथे त्यांनी आकडे मांडले. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. लोकांकडून दारूपोटी जेवढे घेता निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच मागणी. दुसरा आकडा आणखी बोचणारा होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, हा सरकारी समज त्यांनी मोडून काढला. मुलांच्या हाती शिष्यवृत्तीचे पैसे देण्यापेक्षा वसतिगृहे काढा, हेही त्यांनी याच चर्चेत सुचवले. घरची परिस्थिती अशी की पैसा घरखर्चात जातो आणि मूल शाळेबाहेर राहते, हे त्यांना ठाऊक होते. वसतिगृहाच्या प्रश्नावर आज रस्त्यावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे भाषण जरूर वाचावे.

आता तारखा पाहा. १२ मार्चला बाबासाहेब कौन्सिलमध्ये शिक्षणावर बोलत होते आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी ओंजळीत घेत होते. मध्ये फक्त आठ दिवस. आपण महाडचा सत्याग्रह एकीकडे आणि कौन्सिलचे काम दुसरीकडे ठेवतो, पण महाडचे मूळ कौन्सिलच्याच एका ठरावात आहे. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. तळ्याकडे फिरकायची मात्र कोणाची छाती नव्हती. कागदावरचा हक्क प्रत्यक्ष पाण्यापर्यंत नेण्यासाठी हजारो लोकांना चालत जावे लागले. आत ठराव, बाहेर सत्याग्रह. ही जोडी पुढे त्यांच्या आमदारकीत पुन्हा पुन्हा दिसते.

महार वतनाचे विधेयक

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी कौन्सिलमध्ये स्वतःचे पहिले विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे. आज ‘महार वतन’ म्हटले की जमिनीचे वाद आणि सातबारा डोळ्यांसमोर येतो. त्या काळी वतन म्हणजे पिढीजात गुलामी होती. महाराने रात्रंदिवस सरकारी कामाला हजर राहायचे. टपाल पोहोचवायचे, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप न्यायचे, आलेल्या साहेबाचे सामान वाहायचे, गावात काही घडले की ठाण्यापर्यंत पळायचे. तो स्वतः घरी नसेल तर बाप, भाऊ किंवा घरातले दुसरे कोणीतरी. एका माणसाचे काम, राबायचे अख्ख्या घराने. मोबदला काय, तर तुकडाभर इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुते. बलुते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे गावाच्या मर्जीवर. महाराने जरा मान वर केली की बलुते बंद. म्हणजे काम सरकारचे आणि भाकरी गावाच्या हातात! वतनामुळे माणसाला गाव सोडता येत नाही आणि गावात ताठ मानेने राहताही येत नाही, ही गाठ बाबासाहेबांनी नेमकी ओळखली होती.

विधेयकातली तरतूद साधी होती. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम सरकारनेच शेतसाऱ्याबरोबर वसूल करून वतनदाराला द्यावी. ज्याला वतनाचे काम नको असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि कामातून मोकळे व्हावे. कामे कोणती, हे नियमांनी ठरवून द्या.

विरोध मात्र सगळीकडून आला. आपल्याला रोख पैसे द्यावे लागतील म्हणून गावपुढारी बिथरले. फुकटात मिळणारे नोकर गेले तर पगारी नेमावे लागतील म्हणून सरकारही नाखूश. काही महार बांधवांनाच भीती वाटली की आहे तीही जमीन जाईल, आणि त्यांची समजूत घालण्यासाठी गावोगाव सभा घ्याव्या लागल्या. विधेयक हाणून पाडले तर महारांचा संप घडवून आणू, असे बाबासाहेबांनी सभागृहातच बजावले होते. विधेयक निवड समितीकडे गेले. तिथून ते इतके मोडतोड होऊन परत आले की मूळ हेतूच उरला नाही. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. पहिल्या विधेयकाचा शेवट असा झाला.

त्याच वर्षांतल्या आणखी काही गोष्टी थोडक्यात. २८ जुलै १९२८ चे गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेवरचे भाषण समाजमाध्यमांवर दर वर्षी फिरते. त्याखाली ‘हा कायदा बाबासाहेबांनी आणला’ असे लिहिलेले असते. ते विधेयक त्यांनी मांडलेले नव्हते, त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, पण ज्याच्या नफ्यासाठी ती बाई राबते त्या मालकालाही तो चुकवता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला. बाबासाहेबांचे श्रेय मोठे आहे, ते वाढवून सांगायची गरज नाही. चुकीची माहिती देऊन आपणच विरोधकांच्या हाती कोलीत देतो.

डॉ. सोळंकींच्या ठरावातून १९२८ मध्येच स्टार्ट समिती नेमली गेली. अस्पृश्य आणि आदिवासी समाजांची स्थिती तपासणाऱ्या या समितीत बाबासाहेब सदस्य होते, १९३० मध्ये अहवाल आला. १९३२ मध्ये ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देणारे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. जातीत बुडालेल्या गावाच्या हाती न्याय दिला तर अस्पृश्याला तो कधीच मिळणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. खेड्याविषयीची त्यांची जी मते घटना समितीत १९४८ मध्ये गाजली, ती इथे सोळा वर्षे आधी मांडलेली आहेत.

१९३७ : निवडून आलेला आमदार

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता आली, पुणे करारानुसार राखीव जागा आल्या. बाबासाहेबांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि चौदा-पंधरा निवडून आणले. सहा महिन्यांच्या पक्षासाठी हे यश लहान नव्हते. दादासाहेब गायकवाड, आर. आर. भोळे यांच्याबरोबर अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण घरांतले कार्यकर्तेही या पक्षाचे आमदार झाले. महाडच्या लढ्यात चित्रे आणि टिपणीस सुरुवातीपासून होते, हे वाचकांना आठवत असेलच.

बाबासाहेबांची स्वतःची लढत मुंबईत, भायखळा-परळ भागात झाली. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पळवणकर बाळू यांना उभे केले. हा साधा उमेदवार नव्हता. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज देशभर गाजलेला क्रिकेटपटू होता आणि एके काळी तरुण आंबेडकरांनाही त्याचा अभिमान वाटत असे. निकाल लागला : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक दोन हजारांचा. आपल्या माणसासमोर आपलाच दुसरा लोकप्रिय माणूस उभा करायचा, ही खेळी किती जुनी आहे ते पाहा.

१७५ जणांच्या विधानसभेत काँग्रेसचे ८६ आमदार होते. बाळासाहेब खेर प्रांताचे पंतप्रधान झाले. (तेव्हा मुख्यमंत्र्याला हेच नाव होते.) चौदा-पंधरा माणसांच्या बळावर बाबासाहेबांना विरोधी बाकावरून काम करायचे होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करणारे विधेयक मांडले. वतनाचे विधेयकही पुन्हा आणले. खोती म्हणजे कोकणातली सारावसुलीची पद्धत. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. तो सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून हवे तेवढे उकळायचा. वर वेठबिगारी वेगळी. खोतांत चित्पावन ब्राह्मण होते, वरच्या थरातले मराठे होते, मुसलमानही होते. कुळांत कुणबी, आगरी, महार, भंडारी. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संपच चालवला होता. बाबासाहेबांच्या विधेयकात दोन गोष्टी होत्या. खोताला वाजवी भरपाई देऊन खोती संपवावी आणि जो जमीन कसतो त्याला जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा द्यावा.

चौदा-पंधरा आमदारांचे विधेयक बहुमताच्या सरकारने पुढे सरकू दिले नाही. तेव्हा बाबासाहेबांनी महाडचीच वाट धरली. १० जानेवारी १९३८ रोजी ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतले वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. कौन्सिल हॉल तेव्हा आजच्या रिगल सिनेमासमोरच्या जुन्या इमारतीत होता. आता तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. मोर्चात कुणबी आणि महार एकत्र चालत होते, शामराव परुळेकर होते, इंदुलाल याज्ञिक होते, कम्युनिस्टही होते. शिष्टमंडळ खेरांना भेटले, मागण्या दिल्या, आश्वासने मिळाली. विधेयक तिथेच अडकून राहिले.

त्याच महिन्यात ‘हरिजन’ शब्दाचा प्रश्न आला. लोकल बोर्डांच्या कायद्यातल्या दुरुस्तीत सरकारने अनुसूचित जातींसाठी हा शब्द घातला. दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली. अस्पृश्य जर देवाची माणसे असतील तर बाकीचे कोणाची, असे त्यांनी विचारले. आम्हाला काय म्हणायचे ते आम्ही ठरवू, इतकी साधी मागणी बहुमताने फेटाळली गेली आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले. सभात्याग हल्ली रोजचा झाला आहे. हा सभात्याग एका शब्दासाठी होता, आणि पुढे तो शब्द आपल्या जगण्यातून जवळजवळ हद्दपार झाला.

सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आले. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला तुरुंग, असा त्याचा गाभा. बाबासाहेबांनी सभागृहात मुद्दा मांडला की मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे माणसाला गुलाम करणे आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे रूप आहे. विधेयक थांबणार नाही हे दिसत होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. गिरण्या बंद पडल्या, गोळीबारही झाला. कायदा व्हायचा तो झालाच. तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. त्यावरचे भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिले होते. तोही ठराव पडला. १९३८ साली विधानसभेत स्त्रीच्या बाळंतपणांविषयी आणि तिच्या मर्जीविषयी बोलणारा पक्ष हाच होता.

हिशेब

आता फक्त निकाल मोजले तर ही आमदारकी अपयशाची ठरते. वतनाचे विधेयक मागे घेतले, दुसऱ्यांदाही झाले नाही. खोतीचे झाले नाही. हरिजन शब्द राहिला. औद्योगिक कलह कायदा मंजूर झाला. संततिनियमनाचा ठराव पडला.

पण खोती संपवणारा कायदा १९४९ मध्ये मुंबई विधानसभेनेच केला, आणि तेव्हाही मुख्यमंत्री बाळासाहेब खेरच होते. महार वतन १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने गेले. पहिले विधेयक मांडल्याला तोवर तीस वर्षे झाली होती आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन. त्या जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. ही अट असूनही वतनाच्या जमिनी कशा लाटल्या जातात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. १९२८ चे भाषण वाचलेला कार्यकर्ता तलाठी कार्यालयात वेगळे प्रश्न विचारेल, असे मला वाटते.

माझ्या मते बाबासाहेबांच्या आमदारकीचे बळ एका सवयीत होते. सभागृहात उभे राहण्याआधी ते आकडे जमवत आणि सभागृहात हरल्यावर तोच प्रश्न घेऊन मैदानात जात. आज आपल्याकडे मैदानात उतरणारे पुष्कळ आहेत. आकडे जमवणारे कमी. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज पाहता येते. एका तालुक्यातल्या चार मुलांनी आपल्या आमदाराचे एका अधिवेशनाचे कामकाज काढून विहारात वाचून दाखवले, तर पुढच्या जयंतीच्या सभेत त्या आमदाराला हार घालताना लोक वेगळे बोलतील.

नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात गेले. १९४६ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात धुव्वा उडाला. घटना समितीचे सदस्य प्रांतांचे आमदार निवडणार होते, आणि ज्या मुंबईत त्यांनी बारा वर्षे घालवली तिथे त्यांना मत देणारा स्वतःचा एकही आमदार उरला नव्हता. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालचे आमदार पाठीशी उभे राहिले म्हणून ते घटना समितीत पोहोचले. वर्षभरात फाळणी झाली आणि ती जागाही गेली. त्या वेळी डॉ. राजेंद्रप्रसादांनी मुंबईला पत्र लिहिले की मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर आंबेडकरांना निवडून पाठवा. पत्र ज्यांना लिहिले होते ते बाळासाहेब खेर. जुलै १९४७ मध्ये मुंबईच्या विधानसभेने बाबासाहेबांना दिल्लीला निवडून पाठवले.